हिरवळीचं बिल

परवाच्या रविवारी आमच्या चाळीच्या चौकात 'प्रेझेण्टेशन' होतं. हो, चौकातच! जिथे गणपतीत आरती होते, कोजागिरीला दूध आटतं आणि एरवी पोरं अंडरआर्म क्रिकेट खेळतात, तिथे पांढरा पडदा, प्रोजेक्टर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि प्रत्येकाला एकेक समोसा. ठाकूरद्वारात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नकोच. रिडेव्हलपमेण्ट! एरिया किती, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं अ‍ॅडव्हान्स... सगळे प्रश्न तावातावाने विचारून झाले. मग शेवटची स्लाइड आली आणि चौकात एकदम शांतता पसरली.

हिरवंगार लॉन. निळा पूल. कडेला ओळीने उंच पाम. त्याखाली इंग्रजीत ओळ, 'रिसॉर्ट-स्टाइल पोडियम गार्डन'.

खोटं कशाला सांगू, मीही पाघळले. ज्या मुलीने आयुष्यभर ग्रिलमध्ये अडकवलेल्या दोन कुंड्यांना 'माझी बाग' म्हटलंय, तिला सातव्या मजल्यावरचं लॉन दाखवा, आणखी काय होणार! मनातल्या मनात मी तिथे योगा मॅट टाकलीसुद्धा.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "पाणी कुठलं वापरणार?"

सूटवाल्याला कळेना. "सर, बीएमसीचं कनेक्शन असेलच ना..."

"पिण्याचं पाणी लॉनला? बरं, माती किती खोल? आणि पाच वर्षांनी हे सांभाळणार कोण?"

तीन प्रश्न. सूटवाल्याने 'आमची लॅण्डस्केप टीम तुम्हाला रिव्हर्ट करेल' म्हणून लॅपटॉप मिटला. प्रश्न विचारणारा होता आमच्या बाजूच्या खोलीतला दादा. आणि तो सहज विचारत नव्हता. गेली अठरा वर्षं हेच तीन प्रश्न सोडवण्याचा पगार तो घेतोय... वाळवंटात!

वाळू, समुद्र आणि दादा

दादा दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकला. २००७मध्ये, जेव्हा अख्खी दुबई क्रेनखाली होती, तेव्हा तो युएईला गेला. आता तिथल्या किनाऱ्यावरच्या एका लक्झरी रिसॉर्टची सगळी बाग त्याच्या ताब्यात आहे. (रिसॉर्टचं नाव छापलंस तर घरी येऊ नकोस, अशी तंबी मिळालीय.) वर्षातून एकदा महिनाभर सुट्टीवर येतो तेव्हा चाळीत त्याची ओळख अजूनही 'दुबईला माळीकाम करतो' अशीच करून दिली जाते. तो हसतो. "खरंच आहे की. फक्त हाताखाली साठ माळी आहेत."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी त्याला 'विनय हेल्थ होम'मध्ये मिसळ खायला नेलं आणि म्हटलं, सांग. हे एवढं हिरवं तुम्ही वाळूत करता तरी कसं?

"आधी वाळू विसर," तो म्हणाला. "वाळवंटातल्या माळ्याचा खरा शत्रू वाळू नाही. मीठ."

किनाऱ्यालगत जमिनीखाली थोडं खणलं की पाणी लागतं, पण ते खारं. उन्हाने वरची वाळू तापली की खालचं खारं पाणी वर चढतं, वाफ होऊन उडून जातं आणि मीठ मुळांपाशी राहतं. म्हणून तिथे खड्डा खणून रोप लावलं, असं होत नाही. मूळची वाळू उपसायची, खाली खडीचा थर द्यायचा म्हणजे खारं पाणी वर चढत नाही, मग मीठ धुतलेली वाळू आणायची. तिला तिथे चक्क 'स्वीट सॅण्ड' म्हणतात, गोड वाळू! त्यात कम्पोस्ट मिसळायचं, आणि मग रोप. म्हणजे रिसॉर्टमध्ये पाहुणा ज्या बागेत फिरतो, ती खरं तर जमिनीत पुरलेली एक अवाढव्य कुंडी असते.

आणि पाणी? तिथे वर्षाचा पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर, बहुतेकदा त्याहूनही कमी. मुंबईत जुलैमध्ये एका दिवसात तेवढा पडला तर आपण फक्त ट्रेन चालू आहेत का विचारतो. प्यायचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, म्हणजे महाग. त्यामुळे बागेला मुख्यतः सांडपाणी शुद्ध करून वापरतात. त्याची पाइपलाइन वेगळी, रंग जांभळा, कुणी चुकून पिऊ नये म्हणून.

"पण शुद्ध म्हणजे मीठ शून्य नाही," दादाने टिश्यू पेपरवर गणित मांडलं. "धर, लिटरमागे एक ग्रॅम क्षार. तिथल्या उन्हाळ्यात एक चौरस मीटर लॉनला दिवसाला साधारण दहा लिटर पाणी लागतं. पाणी उडून जातं, मीठ उरतं. रोज दहा ग्रॅम. महिन्याला तीनशे ग्रॅम. तुझ्या ऑफिसच्या टेबलाएवढ्या तुकड्यावर!"

मग? मग गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी द्यायचं, म्हणजे मीठ धुऊन मुळांच्या खाली जातं. मीठ घालवायला पुन्हा पाणीच! गवतही साधी हरळी चालत नाही. 'पास्पॅलम' नावाचं खारं पाणी सोसणारं गवत लावतात. मी मनातल्या मनात योगा मॅट थोडी बाजूला सरकवली.

आपलीच माणसं, आपलीच झाडं

मला वाटलं होतं की तिथली झाडं म्हणजे भयंकर एक्झॉटिक, लॅटिन नावांची असणार. दादा नावं सांगायला लागला आणि मी हसायलाच लागले. सदाफुली! आपल्या गॅलरीतल्या डब्यात उगवणारी सदाफुली तिथे उन्हाळ्याची राणी आहे. थंडीत लावलेले पिटुनिया एप्रिल-मेमध्ये माना टाकतात, तेव्हा पाहुण्यांच्या वाटेवर रंग टिकवते ती हीच. चाफा तर प्रत्येक स्पाच्या दारात. कडुनिंब सावलीला. बोगनवेल भिंतींवर. तिची तर गंमतच आहे. लाडाने रोज पाणी घातलं की नुसती पानं फुटतात. थोडी तहानलेली ठेवली की फुलते! (अप्रेझलच्या आधी आपल्या बॉसने हा फंडा वाचू नये, ही विनंती.)

अगदी पाण्याच्या काठाला, खारा वारा थेट अंगावर येतो तिथे दादाने लावलीय मर्यादवेल. कोकणात गेलात तर पुळणीवर जांभळ्या फुलांची, बकरीच्या खुरासारख्या पानांची वेल पसरलेली दिसते, तीच. वाळूला धरून ठेवते. समुद्राने इथपर्यंतच यायचं म्हणून 'मर्यादवेल'. नाव ठेवणाऱ्याला सलाम!

आणि शत्रूही आपलेच! कोकणात माडाचा जीव घेणारा लाल सोंड्या भुंगा १९८०च्या दशकात आखातात पोचला आणि खजुरांवर तुटून पडला. तो खोडाच्या आत पोखरतो. बाहेरून झाड झकास दिसतं, आणि शेंडा कलतो तेव्हा उशीर झालेला असतो. पूर्ण वाढलेला खजूर मुळांसकट आणून उभा करायला भरपूर पैसे मोजावे लागतात. त्यामुळे दादाचे लोक गंधाचे सापळे लावतात आणि एकेक खोड तपासत फिरतात. "पेशंटच्या वॉर्डात राउण्ड असते ना, तशी."

हा राउण्ड पहाटे साडेचारला सुरू होतो. पाहुणे आठला ब्रेकफास्टला येतात तेव्हा एकही पाइप, एकही घमेलं, एकही माणूस दिसता कामा नये. बाग आपोआप उगवल्यासारखी वाटली पाहिजे. दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला तिथे कायद्यानेच बंदी आहे. पण सकाळी नऊलाही अंगातून पाण्याच्या धारा लागतात. किनाऱ्यावर नुसतं ऊन नसतं, आपल्या मुंबईसारखा दमटपणाही असतो. दादाचे माळी केरळचे, बांगलादेशचे, नेपाळचे. "त्यातल्या एकाने त्या लॉनवर कधी बसून पाहिलेलं नाही," दादा म्हणाला आणि पावाचा तुकडा रश्शात बुडवून बराच वेळ गप्प बसला.

तीन काटेरी झाडं

मग त्याने खरी गोष्ट सांगितली. ही त्याने काकूंनासुद्धा सांगितली नव्हती.

रिसॉर्टच्या एका कोपऱ्यात तीन जुनी झाडं होती. रिसॉर्टच्याही आधीची. वेडीवाकडी, काटेरी, बारीक पानांची. नव्या मॅनेजमेण्टला समुद्राकडचं लॉन वाढवायचं होतं. लग्नं होतात ना तिथे, डेस्टिनेशन वेडिंग! फोटोत ही झाडं मध्ये येत होती. 'अनटायडी' दिसतात, काढून टाका, पाम लावू, असा ई-मेल आला. दादाचं कॉण्ट्रॅक्ट तेव्हा संपायला दोन महिने होते.

"तिथे त्या झाडाला गाफ म्हणतात," तो म्हणाला. "आपण काय म्हणतो सांग?"

मी अर्थातच ब्लँक.

"शमी!"

शमी? दसऱ्याची? पांडवांनी शस्त्रं लपवली ती? गणपतीच्या पत्रीसाठी भुलेश्वरला घासाघीस करून आई आणते, ती शमी? तीच. शास्त्रीय नावही एकच. राजस्थानात खेजडी. १७३०मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत ज्या झाडांना मिठ्या मारून ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला, ती हीच. बहारीनच्या वाळवंटात एकटं उभं असलेलं, सुमारे चारशे वर्षांचं 'ट्री ऑफ लाइफ', तेही हेच. युएईचा तर हा राष्ट्रीय वृक्ष. २०१९ हे वर्ष त्यांनी 'सहिष्णुतेचं वर्ष' म्हणून साजरं केलं, तेव्हा बोधचिन्हावर हेच झाड होतं. मुळं इतकी खोल जातात की वरून कुणी पाणी घालायची वाट बघत नाहीत.

"मग तू काय केलंस? पूजा होते म्हणून सांगितलंस?"

"वेडी आहेस का? मॅनेजमेण्टला भावना कळत नाहीत, एक्सेल कळतं."

दादाने एक पानी शीट केली. नवं लॉन एक हजार चौरस मीटरचं. उन्हाळ्यात रोजचं पाणी दहा हजार लिटर. तीन शमींचं रोजचं पाणी शून्य. लॉनवर कापणी, खत, मीठ धुणं. शमीवर वर्षातून एकदा छाटणी. शिवाय समुद्रावरचा वारा अडवणारं तिथे दुसरं काहीच नाही. झाडं गेली की मागची बाग करपणार.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. "त्या तीन आठवड्यांत मी रोज झोपताना ईएमआय मोजायचो," तो म्हणाला. डोंबिवलीचा फ्लॅट, मुलीची शाळा, काकूंचं औषधपाणी. पंचेचाळीशीकडे झुकलेल्या माळ्याला परत येऊन इथे कोण काय देणार?

निकाल लागला तो आपल्या सगळ्या ऑफिसांत लागतो तसाच, अर्धामुर्धा. दोन झाडं राहिली, एक गेलं. कॉण्ट्रॅक्ट वाढलं, पण तीन वर्षांऐवजी एकच वर्ष. गेलेलं झाड दादाने स्वतः उभं राहून कापून घेतलं. का? "दुसऱ्या कुणाला सांगायला बरं वाटेना."

त्यानंतर आला १६ एप्रिल २०२४. आठवत असेल, दुबईचा एअरपोर्ट पाण्यात होता! अल-ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत अडीचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. १९४९पासूनच्या नोंदींत तेवढा पाऊस कधी नव्हता. आपल्या २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता, त्यामुळे आपल्याला अडीचशे किरकोळ वाटतील. पण जिथे पावसाळी गटारांची फारशी गरजच पडत नाही, तिथे हे म्हणजे प्रलयच. लॉन कित्येक दिवस पाण्याखाली राहिलं आणि पाणी ओसरल्यावर पिवळं पडलं. ते पुन्हा नव्याने घालावं लागलं. दोन्ही शमी होत्या तशाच उभ्या. आता त्यांच्याखाली बाक टाकलाय आणि रात्री दिवे लावतात. पाहुणे तिथेच फोटो काढतात, म्हणे.

आणि आमचा चौक

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आमच्या वीकएण्डशी याचा काय संबंध?

संबंध आहे, बॉस. गिरगाव आठवा. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, मुगभाट, बोरभाट. आपला अख्खा पत्ता झाडांवरून आहे, आणि यातल्या किती ठिकाणी ते झाड उरलंय? आता तिथे टॉवर उभे राहतायत आणि प्रत्येक ब्रोशरमध्ये तेच लॉन, तेच पाम. दादा म्हणतो, पोडियम गार्डन आणि वाळवंटातलं रिसॉर्ट यांत काहीच फरक नाही. खाली जमीन नाही, स्लॅब आहे. मुळं खोल जाऊ शकत नाहीत. समुद्राचा खारा वारा आहेच. आणि पाऊस? आपल्याकडे चार महिने धो धो पडतो, उरलेले आठ महिने मुंबईही कोरडीच असते. ओली माती घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते. म्हणून बिल्डर मातीचा थर पातळ ठेवतो, आणि पातळ मातीत सावली देणारं झाड होत नाही. मग उरतं काय? लॉन आणि पाम. पामची सावली किती, ते विजेच्या खांबाखाली उभं राहून बघा.

मी घरी येऊन टिश्यू पेपरवरचं गणित पुढे नेलं. मुंबईत माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. चौघांच्या घराला ५४० लिटर. दहा हजार लिटर म्हणजे अठरा घरांचं पाणी. आमच्या मजल्यावर नऊ खोल्या आहेत. म्हणजे तेवढं एक लॉन दोन मजल्यांचं पाणी पिणार, तेही वाळवंटातल्या उन्हात. इथे थोडं कमी पीत असेल. पण टँकरचं बिल मेण्टेनन्समध्ये येणार ते आपल्याच, आणि वन-आरकेतून आलेल्या पेन्शनर काकांच्याही.

आणि आमच्या चौकात एक औदुंबर आहे. पारावर दत्ताच्या पादुका, फांद्यांवर कावळे, खाली पिकलेल्या उंबरांचा सडा. मीटिंगमध्ये सगळ्यांनी एरिया विचारला, पार्किंग विचारलं. औदुंबराचं काय होणार, हे मीही विचारलं नव्हतं. नकाशात त्याच्या जागी पार्किंगचा रॅम्प आहे. लहानपणापासून ज्याच्या सावलीत खेळले, ते झाड प्लॅनमध्ये नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी लॉन बघत होते ना!

झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५चा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला 'हेरिटेज ट्री' मानायचं ठरलं. ते तोडायचंच झालं तर झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची. पण आमच्या औदुंबराचं वय सिद्ध कसं करणार?

उत्तर काकूंच्या कपाटात निघालं. त्यांच्या लग्नाचा फोटो. १९७२. चौकातलाच मांडव, मुंडावळ्या बांधलेल्या विशीतल्या काकू, आणि मागे दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत पोचलेला औदुंबर! दादाने मोबाइलवर फोटो काढला, एका पानाचं पत्र लिहिलं, आणि अर्थातच सोबत एक एक्सेल जोडली. रॅम्प चार मीटर बाजूला घेतला तर पार्किंगच्या तीन जागा कमी होतात. बदल्यात पार, सावली आणि पाण्याचं बिल शून्य.

पत्रावर सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. हा मजकूर लिहीपर्यंत ४२ पैकी १९ झाल्यात. पार्किंगच्या तीन जागांवर डोळा असलेले तीन जण सोडून बाकीचे 'बघू' म्हणतायत. 'बघू' म्हणजे काय, ते चाळीत राहणाऱ्यांना माहितीय. दादा पुढच्या शुक्रवारी परत जातोय. त्याच्या रिसॉर्टमध्ये थंडीची फुलं लावायची वेळ झालीय आणि त्याचं एका वर्षाचं कॉण्ट्रॅक्टही पुन्हा संपत आलंय. पुढची मीटिंग तो गेल्यावर दोन दिवसांनी आहे. तेव्हा मागच्या रांगेतून मलाच विचारावं लागणार.

जाता जाता : दादाचा फंडा

नवीन फ्लॅट बघताय? किचन, व्ह्यू, जिम सगळं बघा. मग सेल्सवाल्याला शांतपणे विचारा. बागेला पाणी कुठलं? सांडपाणी शुद्ध करून वापरणार असतील तर यंत्रणा कुणाच्या खर्चाने चालणार? स्लॅबवर माती किती? मीटरभर तरी खोली नसेल तर सावलीच्या झाडांची स्वप्नं बघू नका.

आणि ज्यांची बाग ग्रिलमध्येच आहे, त्यांच्यासाठी : कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर ते मीठ आहे. महिन्यातून एकदा कुंडी मोरीत नेऊन खालून पाणी निथळेपर्यंत भरपूर पाणी घाला. बशीत साचलेलं पाणी फेकून द्या. समुद्राच्या वाऱ्यावर नाजूक रोपं ठेवू नका, तिथे बोगनवेल ठेवा आणि तिला जरा तहानलेली राहू द्या. मे महिन्यात सगळं मेलं तर सदाफुली लावा.

मी माझ्या दोन कुंड्यांपैकी एक रिकामी केलीय. दादाने जाण्याआधी कुठूनसं शमीचं रोप आणून दिलंय, वीतभर उंचीचं. ग्रिलमध्ये ते फार वाढणार नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. औदुंबर वाचला तर पाराशेजारी जमिनीत लावायचं, असं ठरलंय.